टेक्सासमध्ये पिस्तूल बाळगायच्या लायसन्सची सक्ती गेली, मग आता ते काढायचं कशाला?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही ह्यूस्टनजवळ केटीला राहता. आठ महिन्यांपूर्वी ग्रीन कार्ड हातात आलं आणि मेव्हण्याबरोबर भागीदारीत गॅस स्टेशन आणि त्याला जोडलेलं दुकान घेतलंत. आठवड्यातून दोन-तीनदा गल्ला घेऊन बँकेत जावं लागतं, म्हणून पिस्तूल घ्यायचं ठरवलंय. मित्र म्हणतो, ‘२०२१ पासून टेक्सासात लायसन्स लागतच नाही, फीचे चाळीस डॉलर आणि कोर्सचा एक शनिवार कशाला घालवतोस?’ घरात सहा आणि दहा वर्षांची मुलं आहेत, आणि उन्हाळ्यात नाशिकहून आई-वडील सहा महिन्यांसाठी येणार आहेत.

आधी माझा स्वार्थ सांगून टाकतो. मी डॅलसच्या उत्तरेला राहतो, आठवडाभर सॉफ्टवेअरची नोकरी करतो आणि २००९ पासून शनिवारी या लायसन्सचाच कोर्स शिकवतो. कायदा बदलल्यावर माझ्या वर्गातली गर्दी बारावरून चार-पाचावर आली. तेव्हा ‘लायसन्स काढा’ असं मी म्हणालो तर त्यात माझा फायदा आहे, हे धरून चाला. आणि मी वकील नाही. जिथे वकील गाठायला हवा तिथे तसं सांगेन.

मित्राचं म्हणणं खरं आहे, पण अर्धं. १ सप्टेंबर २०२१ ला हाऊस बिल १९२७ लागू झालं. एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या आणि कायद्याने बंदूक बाळगायला अपात्र नसलेल्या माणसाला तेव्हापासून हँडगन कपड्याखाली झाकून किंवा होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात, उघडपणे, लायसन्सशिवाय बाळगता येते. पण त्या कायद्याने लायसन्स रद्द केलं नाही. परवानगी म्हणून त्याची गरज संपली, सवलत म्हणून ते जिवंत आहे. तुमच्या बाबतीत सगळा हिशेब त्या सवलतींचा आहे.

त्याआधी एक गोष्ट, आणि आपल्या लोकांसाठी टेक्सासच्या कुठल्याही कायद्यापेक्षा ती महत्त्वाची: व्हिसा. फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा नुसत्या गोळ्या बाळगणं हा गुन्हा आहे. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, व्हिजिटर, सगळे त्यात आले. २०२२ पासून त्याची कमाल शिक्षा पंधरा वर्षं आहे. याला अपवाद आहेत, आणि आपल्याकडे गाजलेला अपवाद म्हणजे वैध हंटिंग लायसन्स. त्याच्या जोरावर नेमबाजीच्या रेंजवर जाणारे कित्येक एच-१बीवाले मला माहीत आहेत. पण ज्याची ग्रीन कार्डाची फाइल चालू आहे त्याने हा प्रयोग इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय करू नये.

तुमच्याकडे ग्रीन कार्ड आहे, तेव्हा तुम्ही या कलमातून सुटलात. आई-वडील सुटत नाहीत. दर उन्हाळ्यात मला कोणीतरी फोन करतं, ‘बाबा आलेत, त्यांना फार हौस आहे, एकदा रेंजवर आणू का?’ बघायला आणा, काचेमागे बसवा, चहा पाजा. हातात पिस्तूल देऊ नका. फ्लोरिडात विद्यार्थी व्हिसावर आलेला एक तरुण कॉलेजमधून काढला गेल्यामुळे त्याचं इथलं राहणं बेकायदा झालं होतं. तो एका रेंजवर गेला आणि तिथल्याच बंदुकांनी गोळ्या झाडून आला. त्यावरून झालेला खटला, रेहाइफ विरुद्ध युनायटेड स्टेट्स, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१९ मध्ये न्यायालय म्हणालं की आपला दर्जा काय आहे हे त्याला ठाऊक होतं, हे सरकारने सिद्ध करायला हवं. तुमच्या वडिलांना आपण व्हिजिटर आहोत हे ठाऊक नाही, असं कोण म्हणेल?

याच धाग्यातला आणखी एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मी विचारतो. काउंटरवर अजून कोण उभं राहतं? मेव्हण्याचं स्टेटस काय? काउंटरखाली पिस्तूल ठेवायचा विचार असेल आणि पाळीवर उभ्या राहणाऱ्यांपैकी एकजण जरी व्हिसावर असला, तरी ते त्याच्याही ताब्यात आहे असं म्हणायला सरकारी वकिलाला जागा मिळते. काउंटरखालचं पिस्तूल मला एरवीही आवडत नाही. ते गर्दीच्या वेळी सगळ्यांचं असतं आणि गरजेच्या वेळी कोणाच्याच हाताला लागत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. तुमचा दिवस घेऊ आणि २०२१ च्या कायद्याने त्यात नेमकं काय बदललं ते पाहू. दुकान तुमच्या ताब्यातली जागा आहे. तिथे हँडगन बाळगायला टेक्सासात पूर्वीही लायसन्स लागत नव्हतं. दुकानातून तुम्ही गाडीत बसता. स्वतःच्या गाडीत, नजरेस पडणार नाही अशी हँडगन ठेवायला २००७ पासूनच लायसन्स लागत नाही. गाडी बँकेसमोर लावता. उतरून दारापर्यंत चालत जाता. त्या तीस-चाळीस पावलांसाठी पूर्वी लायसन्स लागायचं, आता लागत नाही. ज्या बदलाची एवढी चर्चा झाली तो तुमच्या दिवसात पार्किंगपासून दारापर्यंतचा आहे. आणि दारापाशी पाट्या सुरू होतात.

दारावरच्या या पाट्या म्हणजे माझ्या वर्गातला सर्वात लांबणारा तास. टेक्सासच्या दंडसंहितेतले तीन आकडे लक्षात ठेवा. ३०.०६ ची पाटी लायसन्सधारकाला सांगते, झाकून आणू नका. ३०.०७ ची सांगते, उघड आणू नका. २०२१ मध्ये ३०.०५ या जुन्या अतिक्रमणाच्या कलमातच नवी पाटी आली, ती बिनलायसन्सवाल्यांसाठी. तिन्हींवर इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये ठरलेला मजकूर, किमान एक इंच उंचीची अक्षरं. गंमत अशी की बऱ्याच दुकानदारांना गिऱ्हाइकही दुखवायचं नाही आणि अनोळखी माणूस बंदूक लावून आत आलेलाही नको असतो, म्हणून ते फक्त ३०.०५ लावतात. लायसन्स असलेला, बंदूक झाकलेली असेल तर, त्या पाटीवरून सरळ आत जातो. लायसन्स नसेल तर तुम्ही मात्र परत गाडीकडे जायचं, पिस्तूल काढायचं, गाडीत कुलूपबंद करायचं आणि गल्ल्याची पिशवी घेऊन रिकाम्या कमरेने पुन्हा चालत यायचं. म्हणजे ज्या चाळीस पावलांसाठी पिस्तूल घेतलं त्याच चाळीस पावलांत ते गाडीत. शिवाय भर पार्किंगमध्ये कमरेचं पिस्तूल काढणं-लावणं हेच मुळात धोक्याचं काम. अपघाती गोळ्या सुटतात त्या बहुतेक अशाच हाताळणीत.

पाटी न पाहता आत गेलात तर पहिला दंड दोनशे डॉलरपर्यंतचा आहे, जीव जाण्यासारखं काही नाही. पण कोणी तोंडी ‘बाहेर जा’ म्हटल्यावरही थांबलात तर तो ए वर्गाचा मिसडिमीनर, म्हणजे किरकोळ गुन्ह्यांतला वरचा प्रकार, होतो, आणि एक वर्षापर्यंतच्या कैदेची शक्यता येते. पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करायचा आहे ना? अटकेचा प्रत्येक कागद तिथे द्यावा लागतो.

पाट्यांपेक्षा मोठं कारण शाळा. १९९० चा फेडरल गन-फ्री स्कूल झोन्स कायदा म्हणतो, शाळेच्या आवारापासून हजार फुटांत, म्हणजे साधारण तीनशे मीटरमध्ये, बंदूक नेऊ नका. बंदूक रिकामी आणि पेटीत कुलूपबंद असेल तर चालतं, स्वतःच्या खासगी जागेत चालतं, आणि त्या राज्याने पडताळणी करून दिलेलं लायसन्स असेल तर चालतं. हा कायदा १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला होता, आणि तो खटला आपल्या टेक्सासचाच, सॅन अँटोनियोच्या हायस्कूलमधल्या एका मुलाचा. पुढच्याच वर्षी काँग्रेसने शब्द बदलून तो परत आणला. टेक्सासने २०२१ मध्ये आपली अट काढली, पण फेडरल कायद्याला हात लावणं टेक्सासच्या हातात नव्हतं. परिणाम असा की भरलेलं पिस्तूल घेऊन बिनलायसन्स गाडी चालवणारा माणूस टेक्सासच्या नजरेत निर्दोष आणि शाळेसमोरून जाताना फेडरल नजरेत गुन्हेगार. एकट्या या कलमाखाली खटले क्वचित होतात, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण तुमच्या केटीचा नकाशा उघडा आणि घरापासून दुकानापर्यंतच्या रस्त्यावर प्रत्येक शाळेभोवती तीनशे मीटरचं वर्तुळ काढून बघा. मी माझ्या रस्त्यावर काढलं तेव्हा पाच वर्तुळं झाली, त्यातली दोन एकमेकांत घुसलेली.

मग राज्याबाहेर. आज एकोणतीस राज्यांत लायसन्सशिवाय बाळगता येतं, पण बाकीच्या राज्यांत टेक्सासचं लायसन्स चालतं की नाही ते एकेक करून बघावं लागतं. न्यू मेक्सिकोत चालतं. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सीत चालत नाही. २०२२ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन न्यू जर्सीतल्या अटलांटिक सिटीला होतं. माझा एक जुना विद्यार्थी कुटुंबासह गाडीने निघाला होता. निघायच्या आदल्या रात्री त्याचा फोन: ‘दादा, लायसन्स आहे, ग्लव्हबॉक्समध्ये टाकतो, रस्ता लांबचा आहे.’ मी म्हटलं, न्यू जर्सीत बिनपरवाना हँडगन सापडणं हा दुसऱ्या दर्जाचा गुन्हा आहे, पाच ते दहा वर्षं, आणि त्यात पॅरोलआधी सक्तीने काढायचा काळ वेगळा. टेक्सासचा कागद तिथे पोलिसाला दाखवलास तर तो कबुलीजबाब ठरेल. त्याने पिस्तूल तिजोरीत ठेवलं आणि वाटेवर खायला वहिनींनी भडंगाचा मोठा डबा दिला, असं नंतर सांगत होता. न्यू जर्सीतल्या एडिसनचे तुमचे नातेवाईक ‘आता आमच्याकडेही लायसन्स मिळतं’ म्हणतील, तर तेही खरं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या जून २०२२ च्या ब्रुएन निकालानंतर तिथे ‘खास गरज’ सिद्ध करावी लागत नाही. पण परवाना तिथलाच लागतो.

बाकीच्या सवलती भराभर सांगतो. नवीन बंदूक विकत घेताना दुकानदार एफबीआयची जी तपासणी करतो, तिच्याऐवजी टेक्सासचं लायसन्स चालतं. फॉर्म मात्र भरावाच लागतो. आपल्यासारख्या नावांच्या लोकांच्या तपासणीचं ते ‘डिलेड’, म्हणजे उत्तर लांबलेलं, येणं वाचतं. विमानतळावर चुकून पिस्तूल असलेली बॅग तपासणीला गेली आणि सांगितल्याबरोबर तुम्ही मागे फिरलात, तर टेक्सासचा कायदा लायसन्सधारकाला अटकेपासून वाचवतो. टीएसएचा, म्हणजे विमानतळावर तपासणी करणाऱ्या फेडरल खात्याचा, हजारो डॉलरचा दंड मात्र वाचत नाही. डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळ अशा सापडलेल्या बंदुकांत देशात अटलांटाच्या जोडीने वर असतो, तेव्हा ‘मी कशाला विसरेन’ असं म्हणू नका.

जिथे लायसन्सचा काही उपयोग नाही, तेही ऐका. बाहेर तांबड्या अक्षरात ५१ टक्के लिहिलेली जागा म्हणजे निम्म्याहून अधिक उत्पन्न तिथेच पिण्याच्या दारूचं. तिथे कोणीच नेऊ नये. तुमचं दुकान बिअर घरी न्यायला विकतं, त्यामुळे तुम्ही त्यात येत नाही. शाळेची इमारत, न्यायालय, मतदान केंद्र, तुरुंग, सोशल सिक्युरिटी किंवा इमिग्रेशनचं ऑफिस: नाही.

आपल्या लोकांना कायम आश्चर्य वाटतं ते हे, की टेक्सास मुळात असं नव्हतंच. १८७१ पासून सव्वाशे वर्षं इथे हँडगन घेऊन फिरायला बंदी होती. १६ ऑक्टोबर १९९१ ला किलीन गावातल्या लुबीज कॅफेटेरियात एका माणसाने ट्रक खिडकीतून आत घातला आणि तेवीस माणसं मारली. सुझाना हप यांचे आई-वडील दोघंही त्यात गेले. कायदा मोडू नये म्हणून सुझाना यांनी आपलं रिव्हॉल्व्हर बाहेर गाडीत ठेवलं होतं. त्या साक्षी देत राज्याराज्यांत फिरल्या, पुढे टेक्सासच्या विधानसभेत निवडून आल्या. गव्हर्नर अ‍ॅन रिचर्ड्स यांनी १९९३ मध्ये यासाठीच्या विधेयकावर नकाराधिकार वापरला. त्यांच्यानंतरचे गव्हर्नर जॉर्ज बुश यांनी १९९५ मध्ये सही केली. तेव्हा कोर्स दहा ते पंधरा तासांचा आणि फी एकशे चाळीस डॉलर होती. २०१३ मध्ये तास चार ते सहावर आले, २०१६ मध्ये होल्स्टरमध्ये उघड बाळगायची मुभा आली आणि लायसन्सच्या नावातून ‘झाकून’ हा शब्द गेला, २०१७ मध्ये फी चाळीस झाली, पुढे वर्गाचा भाग घरी बसून ऑनलाइन करता येऊ लागला. २०२१ ही या उताराची शेवटची पायरी. आपल्याकडे पोलीस आयुक्तालयात ‘धोका कोणापासून आहे’ हे पटवून द्यावं लागतं आणि तरी परवाना साहेबांच्या मर्जीवर असतो. इथे पात्र माणसाला नाकारायची सोयच नाही.

उताराबद्दल माझं मत विचाराल तर: सक्ती गेली याचं मला दुःख नाही, शिक्षण गेलं याचं आहे. एक प्रसंग सांगतो. नेमबाजीच्या परीक्षेत पन्नास गोळ्या असतात. तीन यार्डांवरून वीस, सातवरून वीस, पंधरावरून दहा. अडीचशे गुण, पास व्हायला एकशे पंच्याहत्तर. मुळीच कठीण नाही. एकदा आपलेच एक डॉक्टर, शांत, नीटनेटके, घरी वर्षभर पिस्तूल बाळगून असलेले. पहिल्या पाच गोळ्या अगदी मधोमध बसल्या. आनंदाने ते मागे वळले, ‘सर, बघा!’ शरीराबरोबर हात वळला, हातातलं पिस्तूल वळलं, बोट ट्रिगरवरच. माझा डावा हात त्यांच्या मनगटावर आणि उजवा खांद्यावर, आणि शेजारच्या लेनमधल्या बाई जमिनीवर. काही झालं नाही. पण ते वर्षभर घरात असंच वळत असणार, हे माझ्या मनातून अजून जात नाही. ऑनलाइन वर्ग केलात तरी हा रेंजचा भाग माणसासमोरच करावा लागतो.

वर्गातला दुसरा भाग गोळी कधी झाडायची याचा. टेक्सासच्या कायद्यात रात्रीच्या चोरीच्या वेळी मालमत्तेसाठीही प्राणघातक बळ वापरायची तरतूद आहे, आणि गॅस स्टेशनवाल्यांच्या गप्पांत ती फुशारकीने सांगितली जाते. त्या कलमाला अटींची शेपटं आहेत. बिअरचं खोकं घेऊन पळणाऱ्या पोराच्या पाठीत गोळी घालणारा माणूस ग्रँड ज्युरीसमोर, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांसमोर, उभा राहतो तेव्हा मित्र सोबत नसतो. मी विद्यार्थ्यांना सांगतो, खोकं बावीस डॉलरचं, वकिलाचा पहिला चेक पंचवीस हजारांचा. गल्ला मागितला तर द्या.

मग तुम्ही काय करावं? लायसन्स काढा, पण क्रम बदला. आधी तिजोरी. टेक्सासात सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि तुमचा दहा वर्षांचा मुलगा तुम्हाला वाटतं त्यापेक्षा वरच्या फळीपर्यंत पोचतो. बोटाच्या ठशाने किंवा आकड्यांनी उघडणारी छोटी पेटी भिंतीला बोल्टने बसवा. आकडे मुलांच्या जन्मतारखेचे ठेवू नका. आई-वडिलांनाही सांगू नका. त्यांच्या व्हिसामुळे, आणि नातवाने हट्ट केला तर आजोबांचं काय होतं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मग कोर्स. मग भाड्याने तीन-चार पिस्तुलं चालवून बघा. विकत घेणं सर्वात शेवटी. बहुतेकजण नेमकं उलटं करतात आणि पहिल्या महिन्यातच हाताला न बसणारं पिस्तूल विकायला काढतात.

अर्ज टेक्सासच्या सार्वजनिक सुरक्षा विभागाच्या वेबसाइटवर होतो. ठसे ठरलेल्या केंद्रावर द्यावे लागतात. थकलेला टॅक्स किंवा मुलाच्या पोटगीची थकबाकी असेल तर अर्ज अडतो, तेव्हा दुकानाचा सेल्स टॅक्स आधी बघा. पहिलं लायसन्स चार वर्षांचं, नूतनीकरण पाच वर्षांचं. लायसन्स मिळाल्यावर पिस्तूल जवळ असताना पोलिसाने ओळखपत्र मागितलं, तर ड्रायव्हिंग लायसन्सबरोबर हेही द्यावं लागतं. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा, तोंडाने सांगा, आणि ग्लव्हबॉक्सकडे हात नेऊ नका, इन्शुरन्सचा कागद तिथेच असला तरी. तो कागद आजच सन-व्हायझरमध्ये लावून ठेवा.